जित्या माणसाची घागर

९ मार्च, गुरुवार

झुलाल आबा सकाळी चहाच्या वेळेला आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "गुरुजी, जकात नाका मिळाला!"

आबा म्हणजे आमच्या गावचे निवृत्त सुभेदार. वय सत्तर, पण मिशी अजून ड्युटीवर. बंद पडलेल्या जकात नाक्याच्या दोन खोल्या नगरपालिकेनं एकदाच्या माजी सैनिक संघटनेला दिल्या. तिथं 'वीर स्मृती दालन' करायचं. गावातले लढाईत गेलेले जवान, पोलीस, पुरात उडी घेणारे, आगीत शिरणारे, जे आता नाहीत त्यांचे फोटो, वस्तू, माहितीचे फलक. उद्घाटन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, गाव भरलेलं असतं, तेव्हा आबांचं म्हणणं बरोबर आहे.

चिटणीस मी. फलक शुद्ध मराठीत लिहू शकेल असा माणूस गावात दुसरा नाही, असं आबांचं मत आहे आणि ते खोडून काढायचं मला काही कारण दिसत नाही. तेवीस वर्षं मुख्याध्यापकी केली ती काय उगीच? म्हणून ही वही काढली. कामाची नोंद राहील.

ही म्हणाली, "करा, पण झेपेल तेवढंच करा." हिला माझ्या प्रकृतीची काळजी नेहमी भलत्या वेळी वाटते.

१५ मार्च, बुधवार

यादी पुरी केली. तेरा नावं. आबांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचली आणि म्हणाले, "आणि बंबवाला पंडित?"

मी म्हटलं, राहिला.

"राहिला कसा? तुमच्याच शाळेच्या आगीत नऊ पोरी काढल्या त्यानं. राहून राहून तोच राहिला?"

मी म्हटलं, वयाप्रमाणे विसरतं माणूस. आबांनी विचारलं, तो आहे की गेला? मी म्हटलं, गेला, कोरोनात, एकवीस साली. ग्रुपवर आलं होतं.

"खात्री आहे ना? आपल्याकडं फक्त गेलेले आहेत."

"आबा, मी स्वतः श्रद्धांजली टाकली होती."

त्यांनी पेन मागून घेतलं आणि चौदावं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. पंडित हिलाल पाटील, अग्निशमन. आबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची कवायत. यादी पुन्हा लिहावी लागणार.

२२ मार्च, बुधवार. पाडवा

गुढी उभारून धुळ्याला गेलो. फोटोंसाठी चंदनाचे हार आणले, चौदा. सगळे एका लांबीचे, एका गुंफणीचे. दुकानदार म्हणाला, "एवढे एकदम? घरात काही?" त्याला दालनाबद्दल सांगितलं तर उठून नमस्कार केला. बरं वाटलं.

२९ मार्च, बुधवार

तेरा फलक लिहून झाले. एकेकाचे शंभर-सव्वाशे शब्द. पोलीस हवालदाराच्या फलकाला तर मलाच भरून आलं.

पंडितचा दोन ओळींचा झाला. 'सन २००६ मध्ये शाळेस लागलेल्या आगीतून नऊ विद्यार्थिनींना सुखरूप बाहेर काढले. त्यात ते गंभीररीत्या भाजले.' आबा म्हणाले, एवढंसं? पुरात पोहणाऱ्याचं पानभर आणि याचं एवढंसं? मी म्हटलं, माहिती उपलब्ध नाही.

"तुम्ही तर हेडमास्तर होते."

"मी त्या दिवशी धुळ्याला होतो, आबा."

"हां हां, तुमचा सत्कार होता ना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते बंब उशिरा आला म्हणतात, ते मात्र नको लिहायला."

मी म्हटलं, छे, गेलेल्या माणसाची उणीदुणी कशाला. यावर आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गुरुजी, मन मोठं तुमचं!"

दिवसभर छातीत जळजळ होती. ऊन वाढलंय, पित्त असावं. दुपारी ताक घेतलं, तरी थांबली नाही.

८ एप्रिल, शनिवार

नगरपालिकेच्या जुन्या फायलीतून पंडितचा फोटो मिळाला. ओळखपत्राचा, मोठा करून घेतला. ऐन चाळिशीतला, मिशी कोरलेली, दोन्ही गाल धड.

तो आतल्या खोलीत दारामागच्या भिंतीवर लावला. पहिल्या खोलीत उजेड फार येतो, फोटोचा रंग उडेल. आबा म्हणाले, बाकीच्यांचा नाही उडणार का? आबांना प्रत्येक गोष्टीत काही ना काही लागतंच.

१६ एप्रिल, रविवार

आज एक गोष्ट सुचली आणि ती सगळ्यांना पसंत पडली. आपल्याकडं आखाजीला घरोघर पितरांच्या नावानं घागर भरतात. मग या चौदा जणांच्या का भरू नयेत? प्रत्येक फोटोखाली एक लाल घागर, गळ्यात सूत, वर डांगर, म्हणजे खरबूज, नि गोड सांजोरी. ज्याच्या घरचं कोणी आहे त्यानं आपल्या हातानं भरायची. तिघांचं गावात कोणी नाही, त्यांच्या मी भरेन. आबांचे डोळे भरून आले. "गुरुजी, हे फक्त तुम्हालाच सुचणार."

घरी हिला सांगितलं. ही डाळ निवडत होती. म्हणाली, "पंडितभाऊंचं कोणी नाही कसं? त्यांची मंडळी धुळ्यात देवपूरला असतात ना, मुलीजवळ."

"असतील. पत्ता कुठं शोधत बसू?"

"देवपूर काय लंडनला आहे? आणि त्यांची बायको भागाबाई तर इथलीच. कुंदन टेलर तिचा सख्खा भाऊ. बाजारात जाता तेव्हा त्याच्या दुकानावरून रोज जाता तुम्ही."

मी म्हटलं, सहा दिवसांत मी काय काय करू? हिनं निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायला घेतली.

२२ एप्रिल, शनिवार. आखाजी

आज लिहवत नाही.

२३ एप्रिल, रविवार

लिहितो. कालचं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दहाला फीत कापली. दालन माणसांनी फुललं होतं. माहेरवाशिणी, त्यांची पोरं, माझे जुने विद्यार्थी. अकरा घरच्या लोकांनी घागरी भरल्या. मग मी माझ्या तीन भरल्या. पंडितची शेवटची. नाव घेऊन पाणी ओतलं, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. हात जोडताना मनात आलं, चला, एक काम मार्गी लागलं. नेमकं हेच आलं.

अकराच्या सुमारास साठीची एक बाई दोन लहान पोरींना हाताला धरून आली. अंगावर कोरं लुगडं. चपला तिनं देवळात काढतात तशा पार पायरीखाली काढल्या. मला ओळखलं तिनं. तोंडभर हसून म्हणाली, "गुरुजी, आमना त्यासना फोटो लायेल शे म्हने? कुंदननी सांगं. कथा शे?"

ती भिंतींवर फोटो शोधत होती. मी विचारलं, कोणाचा?

"पंडित पाटीलना. मी भागाबाई."

मी तिच्या कपाळाकडं पाहिलं. कुंकू रुपयाएवढं. गळ्यात काळी पोत. त्या वेळी मी काय करायला हवं होतं? तिला अडवायचं. चहा प्या म्हणायचं. तोवर कोणाला तरी आत पिटाळायचं. यातलं काही केलं नाही. मी बाजूला सरकलो आणि तिला वाट दिली.

ती आत गेली. मग आतून आवाज आला.

"हाऊ हार कोनी टाका?"

आबा माझ्याकडं बघायला लागले. मी आत गेलो तेव्हा तिनं हार काढून हातात घेतला होता आणि खाली घागरीकडं बघत होती.

"मन्हा माणूस जित्ता शे, गुरुजी! घर भाकर खाई राह्यना. आन् तुम्हीन त्यासना नावनी घागर भरी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अक्का, असं झालं की आयुष्य वाढतं माणसाचं." तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग तिनं डांगर उचलून बाजूला ठेवलं, घागर कमरेवर घेतली, गर्दीतनं बाहेर गेली आणि निंबाच्या बुंध्याशी पालथी केली. फोडली नाही. पोरी घाबरून रडत होत्या. त्यांना घेऊन ती अनवाणीच निघाली, चपला राहिल्या पायरीखाली.

भूमिका होती तिथं. त्या आगीतल्या नऊ जणींपैकी एक, आता दोन मुलांची आई, नाशिकहून आखाजीला आलेली. चपला उचलून ती भागाबाईच्या मागं धावली. जाताना थांबून मला म्हणाली, "सर, तुम्ही चौकशी नाही केली?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी घरी आलो आणि पंख्याखाली बसून राहिलो. जेवायला पुरणपोळी नि आमरस होता. ताट समोर होतं.

२४ एप्रिल, सोमवार

आबा आले. चहाला नको म्हणाले, म्हणजे राग फार आहे.

"गुरुजी, पलटणीत हजेरीला जिवंत माणूस मेला म्हणून सांगितलं असतं ना, तर मी त्याची वर्दी उतरवली असती."

मी म्हटलं, चूक झाली. आबा म्हणाले, चूक समजतो हो मी, पण खात्री विचारली होती तुम्हाला, तुम्ही आहे म्हणाला होता. एका फोनचं काम होतं. आता देवपूरला जा आणि पाय धरा. मी येतो म्हणाल तर येतो.

मी म्हटलं, एकटा जातो.

२५ एप्रिल, मंगळवार

उद्या जायचं. त्याआधी इथं तरी खरं लिहितो. ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार आहे?

एकवीसच्या मेमध्ये ग्रुपवर 'पंडित पाटील गेले' एवढंच आलं होतं. तालुक्यात पंडित पाटील डझनभर असतील. कोणते, हे मी विचारलं नाही. कारण वाचल्याबरोबर मला सुटल्यासारखं झालं. माणसं पटापटा मरत होती, मी घरात कोंडून घेऊन बसलो होतो, आणि ती एक बातमी वाचून मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन वाट्या आमरस जास्त घेतला होता. हे माझ्या लक्षात आहे. लाज वाटते, पण लक्षात आहे.

का बरं वाटलं? तेही लिहितो.

डिसेंबर २००६. संमेलनाची तालीम वरच्या हॉलमध्ये, नऊ मुली. मागच्या जिन्याच्या दारातून टवाळ पोरं वर येऊन मुलींना त्रास द्यायची म्हणून त्या लोखंडी दाराला मी कुलूप घातलं. माझ्या हातानं. हेतू चांगलाच होता. पण चावी शिपायाकडं द्यायची ती खिशात घालून मी धुळ्याला माझ्या सत्काराला गेलो. पुढच्या जिन्यात मंडपाच्या कापडानं पेट घेतला. बंब लगेच आला होता. आठ मिनिटांत. बारा मिनिटं गेली ती कुलूप तोडण्यात. शेवटच्या दोन मुली काढताना पंडितवर छताचं कापड पडलं.

मी शाल खांद्यावर घेऊनच एस.टी.तून उतरलो. सगळे पुढच्या बाजूला होते. मी मागं गेलो, तुटलेलं कुलूप उचललं आणि विहिरीत टाकलं. चौकशीला लिहून दिलं की दार उष्णतेनं आवळलं होतं, कुलूप नव्हतं, आणि बंब यायला वीस मिनिटं लागली. खाली सही. शिक्का. माझी सही गावात कोणी तपासत नसे.

त्याच्या शौर्यपदकाची शिफारस होणार होती, ती राहिली. उशिराचा ठपका तेवढा राहिला. लोक त्याला चौकात हटकायचे, काय पंडित, जेवण करून निघाला होता का? मी एकदा स्वतः ऐकलं हे. पान घेत होतो. पैसे देऊन निघालो.

२६ एप्रिल, बुधवार

बसमध्ये मनाशी वाक्यं जुळवत गेलो. देवपूरला उतरून पत्ता विचारला तर पहिल्याच माणसानं दाखवला. एवढं सोपं होतं ते.

दार पंडितनंच उघडलं. डाव्या बाजूचा गाल तसाच आहे, उजवा नाही. उजव्या हाताची बोटं एकमेकांत चिकटलेली. मला बघून थबकला, मग म्हणाला, "या गुरुजी, भुताच्या घरी या!" आणि हसला. हसताना तोंडाची एकच बाजू वर जाते.

डाव्या हातानं खुर्ची ओढून दिली. "ही म्हणते, गुरुजींनी तुमचं आयुष्य वाढवलं, आता अजून वीस वर्षं मी भाकरी थापू का तुमच्यासाठी?" भागाबाई ओट्याशी होती. ती हसली नाही. मुलगी मेघा दवाखान्यात कामाला गेलेली, दोघंच होते.

मी उठून त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं खांदे धरून बसवलं. म्हणाला, हाराचं काही नाही हो, माणसाकडून होतं. मी म्हटलं, मला फार लाज वाटते. तो म्हणाला, बरं. मग वाट बघत बसला. चहा आला. मी चहा प्यालो. बशी पुसल्यासारखी केली. बसमध्ये जुळवलेलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

शेवटी तोच म्हणाला, "कुलपाचं काही बोलायला आले असाल म्हणून वाटलं मला."

माझी मान खाली.

"मी सांगितलं होतं, गुरुजी. सिव्हिलमध्ये पडलो होतो, जबाब घ्यायला दोघं आले. मी म्हटलं, दाराला कुलूप होतं, पहारीनं तोडलं. ते म्हणाले, मुख्याध्यापकांनी कुलूप नव्हतं असं लिहून दिलंय, तुम्ही भाजले आहात, तुम्हाला भास झाला असेल. आणि लिहिलंच नाही. तुमच्या सहीपुढं माझं काय चालणार? मला तेव्हा अंगठासुद्धा उठवता येत नव्हता." थोडं थांबून म्हणाला, "मग सोडून दिलं. पण गाव सोडताना वाईट वाटलं."

भागाबाई पदराला हात पुशीत पुढं आली. "यासनी सोडं. मी नही सोडं. सतरा वरीस व्हयनात, बाजारमा लोके म्हनतस, बंब उशिरा उना. एक मेले झेंडाले आम्हीन येसूत. तुम्हीन बठ्ठा गावसमोर सांगा."

मी म्हटलं, एक मेला सगळ्या गावासमोर सांगतो.

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. परत येताना बसमध्ये खिडकीला बसलो होतो, तरी घामानं सदरा पाठीला चिकटला.

१ मे, सोमवार

झेंडावंदन झालं. दालनासमोर मांडव, खुर्च्या भरलेल्या. आबांनी पंडितला पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली. डाव्या हातानं त्यानं श्रीफळ घेतलं. मग माझं भाषण.

भाषण मला येतं. आयुष्यभर तेच केलं. सुरुवात चांगली झाली. पंडितच्या धैर्याबद्दल बोललो, बायका डोळे पुसत होत्या. हाराच्या चुकीबद्दल क्षमा मागितली. आता पुढचं वाक्य. माझ्यासमोर तिसऱ्या रांगेत माझे जुने सहकारी, संस्थेचे लोक, व्याही. आणि माझ्या तोंडून आलं, "त्या दिवशी शाळेच्या बाजूनेही काही त्रुटी राहून गेल्या असाव्यात. त्याबद्दल तत्कालीन मुख्याध्यापक या नात्याने मी दिलगिरी व्यक्त करतो."

टाळ्या पडल्या. व्याही उठून आले आणि हात हातात घेऊन म्हणाले, "दुसऱ्यांच्या चुका अंगावर घ्यायला मोठं मन लागतं." मी हात सोडवून घेतला नाही.

भागाबाई उठून उभी राहिली होती. मला वाटलं, बोलेल. तिनं पंडितच्या खांद्यावरची शाल काढून घडी करून खुर्चीवर ठेवली आणि त्याला घेऊन निघाली. तो मागं वळून बघत होता, आबांकडं, माझ्याकडं नाही. लोकांना वाटलं, त्यांना बस गाठायची असेल.

थू माझ्या जिनगानीवर. आणखी काय लिहू?

३ मे, बुधवार

सकाळी हिला म्हटलं, मला तुला काही सांगायचं आहे. ही केर काढत होती, थांबली.

"कुलपाचं?"

मी खुर्चीत टेकलो.

"चावी तुमच्या पँटीच्या खिशात होती. धुवायला घेतली तेव्हा हाताला लागली. फळीवर ठेवली मी." पुढं म्हणाली, "वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. गावाला नाही तर मला तरी सांगाल. मग चौकशी न करताच तुम्ही त्यांना मेलेच म्हणायला लागलात. तेव्हा मला तुमची भीती वाटली हो."

सतरा वर्षं ही बाई माझ्या ताटात वाढत होती आणि तिला माहीत होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तेच माझंही चुकलं." आणि रडली. मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला तिच्याजवळ जायचं धाडस झालं नाही.

दुपारी फलक लिहायला बसलो. सहा वेळा फाडला. दर वेळी 'राहून गेले', 'घडले', 'असावे' असंच लिहिलं जायचं. कोणी केलं ते येतच नव्हतं.

५ मे, शुक्रवार

झालेला मजकूर उतरवून ठेवतो.

'दि. १९ डिसेंबर २००६ रोजी शाळेच्या वरच्या मजल्यास आग लागली. बंब आठ मिनिटांत आला. मागच्या दाराला कुलूप होते. ते मुख्याध्यापक लीलाधर वना पाटील यांनी लावले होते व चावी खिशात घेऊन ते स्वतःच्या सत्कारास गेले होते. कुलूप तोडण्यात बारा मिनिटे गेली. पंडित हिलाल पाटील यांनी नऊ मुलींना बाहेर काढले. त्यात त्यांचा उजवा हात व चेहरा जळाला. चौकशीत मुख्याध्यापकांनी कुलूप नव्हते व बंब उशिरा आला असे खोटे लिहून दिले. पंडित पाटील हयात आहेत.'

आबांना दालनात नेऊन दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. म्हणाले, "हे लावलं तर दालनाची शोभा होईल. चिटणीसच असा निघाला म्हणतील."

"मग चिटणीस दुसरा करा. फलक लावा."

आबांनी मिशीला हात लावला. "मी तुमचं मन मोठं म्हणालो होतो."

"हो."

"ते मी परत घेतो."

"घ्या."

मग ते उठले आणि हातोडी शोधायला लागले. फोटो त्यांनीच दारामागून काढला आणि पहिल्या खोलीत, आत शिरल्याबरोबर समोर दिसेल असा लावला. हार नाही. फलक त्याच्याखाली.

७ मे, रविवार

गावात झालं सगळीकडं. दूधवाला पातेल्यात दूध ओतून न बोलता गेला. व्याह्यांचा फोन नाही. बाजारात दोन माजी विद्यार्थी समोरून आले, एकानं नमस्कारासाठी हात उचलला आणि दुसऱ्यानं तो खाली ओढला. भूमिकाचा नाशिकहून फोन आला. म्हणाली, "सर, आम्ही आतून दार ओढत होतो. बाहेरून कुलूप हलायचा आवाज यायचा. आम्ही चौकशीत सांगितलं होतं, पण लहान आहेत म्हणाले." फोन ठेवताना ती म्हणाली, "बरं सर." बाकी काही नाही.

दालन उघडायचं काम आबांनी माझ्याकडून काढून घेतलं नाही. म्हणाले, बसा तिथंच, फलकाशेजारी.

९ मे, मंगळवार

अकरा वाजता भागाबाई आली. एकटीच. दालनात तेव्हा कापसाच्या जिनिंगवरचे चार-पाच कामगार आणि दोन म्हातारे होते. चपला काढून ती फोटोसमोर उभी राहिली. फोटो बघितला. फलकावरून हात फिरवला.

"माले वाचता येत नही," ती म्हणाली. "तुम्हीन वाचा."

मी उठलो. वाचलं. भरभर वाचलं, शाळेत मुलं नको असलेला धडा वाचतात तसं.

"असं नका. माले समजाले पायजे. जोरमा."

पुन्हा वाचलं. सावकाश. कामगार बोलायचे थांबले आणि जवळ आले. 'खोटे' या शब्दाशी आवाज बसला. तिनं वाट पाहिली. मी खाकरून तेवढं वाक्य पुन्हा म्हटलं.

ती बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. पण निंबाखाली पंडित उभा होता, त्याला हाताला धरून ती आत घेऊन आली आणि माझ्यासमोर उभं केलं. "आते यासनासमोर."

मी फलकाकडं वळलो.

"तथा नका देखा. यासनाकडे देखा आन् सांगा."

मी त्याच्याकडं पाहिलं. धड बाजूकडं नाही, पुऱ्या चेहऱ्याकडं. मजकूर पाठ होता, पण 'मुख्याध्यापकांनी' असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसं निघेना. शेवटी म्हटलं, "कुलूप मी लावलं होतं, पंडितभाऊ. चावी माझ्या खिशात होती. मी खोटं लिहून दिलं. तुम्ही वेळेवर आला होता."

"किती मिनिटांत?" त्यानं विचारलं.

"आठ."

"मोठ्यानं सांगा, गुरुजी."

"आठ मिनिटांत आला होता!" मी म्हटलं. जिनिंगवरच्या माणसांनी ऐकलं, म्हाताऱ्यांनी ऐकलं. पंडितनं बायकोकडं वळून पाहिलं.

"आयकं?" त्यानं तिला विचारलं. "आठ."